आजीची मांडी आणि बाळाची सीट

मैत्रिणींनो, कडेवर आठ किलोचं बाळ, खांद्याला औषधा-दुधाची पिशवी आणि अंगावर कडक इस्त्रीची साडी, अशा थाटात तुमच्यापैकी कुणी माळ्यावर चढून पाहिलंय का? नसेल, तर एकदा सांगलीला या आणि आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून दाखवा. अनुभव अगदी तोच!

आमची गाडी विजेवर चालणारी, जेमतेम तीन मीटर लांबीची. दारं म्हणायला तीन, पण तिसरं म्हणजे मागचं डिकीचं. माणसांच्या वाट्याला दोनच. डावीकडच्या पुढच्या सीटचा खटका ओढला की ती पुढे दुमडते, आणि त्या फटीतून वाकून मागे शिरायचं. चालकाच्या बाजूने मागे जायची सोय नाही. गाडी घेतली तेव्हा याचं काही वाटलं नाही. ह्यांची नोकरी परगावी, हे सकाळच्या बसने जातात आणि रात्री येतात. मी आठवड्यातले चार दिवस शाळेत मराठी शिकवायला जाते. बाजारहाट, सासूबाईंचा गुडघ्याचा डॉक्टर, मिरजेला माहेर, या फेऱ्यांना ही गाडी म्हणजे वरदान. आमच्या अरुंद गल्लीत ती सुळकन वळते, आणि भाजीमंडईत स्कूटरला जेवढी जागा लागते त्याहून थोड्याच जास्त जागेत उभी राहते. मागच्या सीटवर भाजीची पिशवी बसायची. पिशवीला वाकून चढायचा त्रास नसतो!

मग आमच्याकडे बाळ आलं.

बाळ तीन महिन्यांचं झालं तेव्हा माझ्या भावाने त्याच्यासाठी गाडीत बसवायची सीट पाठवली. मामाकडून सोन्याची साखळी येईल म्हणून वाट पाहणाऱ्या सासूबाईंनी खोकं उघडल्यावर चष्मा लावला, सीट उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "ही टोपली कशाला गं? माझी मांडी काय झिजली का?"

त्या वाक्यात नुसती चेष्टा नव्हती, हे मला तेव्हाच कळलं. चार मुलं आणि पाच नातवंडं त्या मांडीवर वाढली. बसमधून, बैलगाडीतून, आणि मामंजींच्या स्कूटरवर मागे बसूनसुद्धा. कुणालाही खरचटलं नाही. अशा मांडीला "ही सुरक्षित नाही" असं आता एक सून आणि एक प्लॅस्टिकची टोपली मिळून सांगणार! मला बोलायचं धैर्य झालं नाही. मी नुसतं "मामाने प्रेमाने पाठवलीय" एवढंच म्हटलं.

मलासुद्धा ती सीट खरी पटली ती शाळेत. मधल्या सुट्टीत मी सहज विषय काढला, तर आमच्या शास्त्राच्या बाईंनी खडू उचलला. "बाळाचं वजन?" आठ किलो. "गाडीचा वेग?" गावात चाळीस तरी असतोच. "समजा गाडी कशावर तरी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली." फळ्यावर गुणाकार-भागाकार झाले आणि खाली आकडा आला : सुमारे नव्वद किलो! म्हणजे त्या क्षणी आठ किलोचं बाळ धरून ठेवायला नव्वद किलो उचलण्याएवढं बळ हातात पाहिजे. सिमेंटची जवळजवळ दोन पोती. आणि तीही आधी सूचना न देता अंगावर पडलेली. मी कला शाखेची पदवीधर, पण हे गणित मला पक्कं कळलं. आईची माया कितीही मोठी असली तरी तिच्या मनगटात दोन पोती मावत नाहीत.

कायदाही आता हेच सांगतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार चौदा वर्षांच्या आतलं मूल गाडीत पट्ट्याने किंवा मुलांसाठीच्या खास सीटने बांधलेलं नसेल, तर एक हजार रुपये दंड आहे. आपल्याकडे तो कुणी फारसा मागत नाही म्हणून आपल्याला ठाऊक नसतो, इतकंच.

आता आमच्या गाडीची खरी गंमत ऐका. इतक्या लहान बाळाची सीट गाडीत उलटी बसवतात. म्हणजे बाळाची पाठ पुढच्या काचेकडे आणि तोंड मागे. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कोवळी. गाडी एकाएकी थांबली की पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचं डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. उलटं बसलेलं बाळ मात्र अख्ख्या पाठीने सीटमध्ये दाबलं जातं, धक्का पाठभर वाटला जातो. स्वीडनच्या बर्टिल आल्डमान यांना १९६०च्या दशकात ही कल्पना अंतराळवीरांच्या आसनांवरून सुचली. अंतराळवीरही उड्डाणाचा जोर पाठीवरच घेतात. हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "चंद्रावर जायचं असलं तर बसव त्यात. मिरजेला कशाला?"

पण उलट्या सीटला जागा लांबीत जास्त लागते, आणि आमच्या गाडीत लांबीचाच दुष्काळ! पहिल्या रविवारी ह्यांनी ती डावीकडे मागे बसवली. झालं, पुढची सीट इतकी पुढे सरकली की सासूबाईंचे गुडघे डॅशबोर्डला टेकले. शिवाय बाळाला ठेवायचं-काढायचं तर पुढची सीट दुमडायची, म्हणजे सासूबाईंनी दर वेळी सगळ्यांत शेवटी बसायचं आणि सगळ्यांत आधी उतरायचं. दुखऱ्या गुडघ्यांनी! दवाखान्यापाशी त्या उतरल्या, बाळ काढलं, पुन्हा बसल्या, चिठ्ठी विसरली म्हणून पुन्हा उतरल्या. घरी आल्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण भाकरी थापताना आवाज जरा जास्तच झाला.

मग हे म्हणाले, "अगं, पुढच्याच सीटवर बांधू त्याला. दार तिथेच आहे, वाकायला नको, चढायला नको." खरं सांगते, मला मोह झाला. दोन दारांच्या गाडीत तो कुणालाही होईल. पण मी उन्हाची झडप खाली ओढली, तर तिच्यावर चित्रच होतं : उलटी ठेवलेली बाळाची सीट आणि तिच्यावर लाल फुली. पुढच्या सीटसमोर एअरबॅग असते. ती डोळ्याचं पातं लवायच्या आत प्रचंड जोराने फुगते, आणि उलट्या सीटची पाठ नेमकी तिच्या तोंडाशी असते. मोठ्या माणसाला वाचवणारी पिशवी तान्ह्या बाळाचा जीव घेऊ शकते. तेव्हा मैत्रिणींनो, एअरबॅग चालू असलेल्या जागी उलटी सीट कधीही, एका गल्लीपुरतीसुद्धा, ठेवू नका.

तोडगा सापडला तो माझ्या उंचीमुळे. लग्नाच्या वेळी जिच्यावरून दोन स्थळं परत गेली, ती माझी चार फूट अकरा इंचांची उंची अखेर कामाला आली! गाडी चालवताना माझी सीट पुढेच ओढलेली असते, म्हणजे माझ्या पाठीमागे जागा रिकामीच. बाळाची सीट डावीकडून उचलून उजवीकडे, माझ्या मागे बसवली आणि सगळे सुखी झाले. सासूबाईंची सीट मागे सरकली, गुडघ्यांना ऐसपैस जागा मिळाली. शिवाय बाळाला ठेवायला मी डाव्या दारानेच आत जाते, म्हणजे रस्त्याच्या कडेने. उजवीकडच्या रहदारीत उभं राहायला नको.

एकच पंचाईत. हे सहा फुटांचे. ह्यांनी चालवायला घेतलं की सीट मागे जाणार आणि बाळाच्या सीटला धडकणार. म्हणून आता रविवारीही गाडी मीच चालवते आणि हे मागे बाळाशेजारी पाय दुमडून बसतात. गल्लीतल्या लोकांना पहिले काही दिवस ही फुकटची करमणूक होती. "वहिनी ड्रायव्हर, साहेब मागे!" असं समोरचे काका दोनदा म्हणाले. हे हसून म्हणाले, "मालक मागेच बसतात, काका!" मला मात्र मनातून फार बरं वाटलं.

तुमची गाडीही अशीच असेल तर मागे शिरायची युक्ती सांगून ठेवते. मी चार-पाच वेळा कंबर धरल्यावर शिकले. बाळ हातात घेऊन डोकं आधी आत घालायचं नाही. पुढची सीट दुमडायची, गाडीकडे पाठ करायची, मागच्या सीटच्या कडेवर आधी बूड टेकायचं, मग बाळाला छातीशी धरून एकेक पाय आत घ्यायचा. आता तुम्ही बसलेल्या आहात, कंबर सरळ आहे, बाळ मांडीवर आहे. मग शेजारच्या सीटमध्ये त्याला सावकाश ठेवायचं. निऱ्या मात्र गोळा करून घ्या. माझ्या एका चांगल्या साडीचा काठ दुमडणाऱ्या सीटच्या पट्टीत अडकून गेला. आणि सीटसकट बाळ उचलून आत घालायच्या फंदात पडू नका. त्या दोघांचं वजन मिळून गव्हाच्या डब्याएवढं होतं आणि फटीतून ते नेताना पाठीत उसण भरते. सीट गाडीत कायमची बांधलेली असू द्या. बाळ तेवढं न्या-आणा.

हे सगळं जमलं, तरी खरी परीक्षा पुढेच होती. आमच्या चिरंजीवांना ती सीट मुळीच आवडली नाही. पट्टे अडकवले रे अडकवले की असा टाहो फोडायचे की सिग्नलला शेजारचे स्कूटरवाले वाकून बघायचे. शेजारच्या मावशी एकदा म्हणाल्या, "अगं, गुराला दाव्याला बांधावं तसं काय बांधतेस पोराला?" सासूबाई बोलल्या नाहीत, पण तोंड खिडकीकडे फिरवून बसल्या. ते मावशींच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

आणि आता तुमच्यापाशी कबूल करते. एकदा मीही हरले. बाळाला ताप होता, तो रडून रडून लाल झाला होता, दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. ह्यांना म्हटलं, "तुम्हीच चालवा, मी मागे मांडीवर घेते. दोन मिनिटांचा तर रस्ता." ह्यांनी बाळाची सीट सोडून डिकीत टाकली आणि मी त्याला मांडीवर घेतलं. तो लगेच शांत झाला. सासूबाई मागे वळून म्हणाल्या, "बघ, याला काय पाहिजे होतं ते." मला हायसं वाटलं, आणि चोरी केल्यासारखंही वाटलं. काही झालं नाही म्हणून ते बरोबर होतं, असं मी शाळेत कुठल्या मुलाला शिकवेन का?

त्यानंतर महिन्याभरात, जानेवारीत, आम्ही नरसोबाच्या वाडीला गेलो. बाळाच्या नावाने सासूबाई दत्ताला बोलल्या होत्या. मी चालवत होते, सासूबाई पुढे माझ्याशेजारी, हे मागे, आणि बाळ माझ्या पाठीमागे त्याच्या सीटमध्ये. निघताना सासूबाई म्हणाल्या, "देवाला जातोय, आज तरी माझ्या मांडीवर दे." मी "आई, नको" म्हटलं. दोनच शब्द. दर्शन झालं, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर पाय बुडवले, पेढे आणि कवठाची बर्फी घेतली. पण सासूबाई मोकळेपणाने काही बोलल्या नाहीत. परतताना प्रसादाचा नारळ त्यांच्या मांडीवर होता, दोन्ही हातांच्या ओंजळीत.

तो उसाचा हंगाम होता. आमच्या भागातल्या बायकांना सांगायला नको, संध्याकाळी त्या रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर असतात, मागे दोन-दोन ट्रेलर, आणि कित्येकांना मागचा लाल दिवा नसतो. दिवेलागणीची वेळ. माझा वेग चाळीसच्या आसपास. पुढे अंधारात काहीतरी काळं दिसलं, ते चालतंय असं वाटलं, आणि दुसऱ्या क्षणी कळलं की ते उभंच आहे. मी सगळं अंग टाकून ब्रेक दाबला.

गाडी ट्रेलरपासून दोन-तीन हातांवर थांबली. ठाण्णकन आवाज झाला तो पुढून. सासूबाईंच्या ओंजळीतला नारळ समोरच्या डॅशबोर्डवर आपटून खाली त्यांच्या पायाशी पडला होता. त्या स्वतः पट्ट्याने धरल्या गेल्या होत्या. मी वळायच्या आत मागून ह्यांचा आवाज आला, "बाळ ठीक आहे, झोपलाय." त्याने डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. त्याचा खुळखुळा मात्र माझ्या सीटखाली येऊन पडला होता.

कुणी काही बोललं नाही. सासूबाईंनी वाकून नारळ उचलला. शेंडीपाशी त्याला चीर गेली होती आणि पाणी त्यांच्या बोटांवरून ठिबकत होतं. त्या नारळाकडे बघत राहिल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "धरला होता गं मी. दोन्ही हातांनी धरला होता."

मला शास्त्राच्या बाईंचा फळा आठवला. पण मी तो आकडा सांगितला नाही. अर्ध्या-पाऊण किलोचा नारळ, आणि हा तर नुसता ब्रेक होता, धडकसुद्धा नाही. हे त्यांना माझ्याकडून ऐकायची गरज नव्हती. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. माझाच हात जास्त थरथरत होता.

दुसऱ्या दिवशी त्या नारळाच्या वड्या झाल्या. आणि पुढच्या वेळी मिरजेला निघालो तेव्हा सासूबाई पुढच्या दारापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "ती सीट दुमड. मी मागे बसते त्याच्यापाशी." मी गुडघ्यांची आठवण केली तर म्हणाल्या, "तू बसतेस तसंच ना? आधी बूड, मग पाय. रोज बघते की मी." दोन खेपांत त्यांना जमलं. उतरताना मी हात देते. आता त्या बाळाशेजारी बसतात, स्वतःचा पट्टा लावतात, आणि आपलं बोट त्याच्या मुठीत देतात. मिरज येईपर्यंत तो ते सोडत नाही. रडणं? आजी समोर दिसायला लागल्यापासून निम्म्याने कमी झालं. मी इतके दिवस त्याला पट्टे आवडत नाहीत असं समजत होते. तिथे एकटं बसणं त्याला आवडत नव्हतं, हे मला कळलंच नव्हतं.

सीटची उस्तवारीही आता त्यांच्याकडेच आहे. मी पुस्तिका वाचून दाखवली आणि त्यांनी ती माझ्यापेक्षा चांगली लक्षात ठेवली. तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून सांगते.

सीट विकत घेण्याआधी ती आपल्या गाडीत बांधून पाहा. छोट्या गाड्यांत मागचा पट्टा कधी कधी आखूड पडतो. नवी सीट परवडत नसेल आणि नात्यातली वापरलेली मिळत असेल, तर ती कधी अपघातात सापडली होती का, हे स्पष्ट विचारा. संकोच करू नका. तशी असेल तर फुकटसुद्धा घेऊ नका. गाडीचा पट्टा सीटवर दाखवलेल्या खुणांमधूनच न्यायचा. उलटं बसवण्यासाठी बहुधा निळ्या खुणा असतात. सीटवर हाताने जोर देऊन पट्टा ओढून घ्यायचा. मग पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवून पाहायचं. इंचभराहून जास्त हलली तर पुन्हा बांधायची.

बाळाचे खांद्याचे पट्टे, ते उलटं बसलेलं असताना, खांद्याच्या बरोबरीने किंवा किंचित खालून यायला हवेत. ते इतके घट्ट हवेत की खांद्यापाशी पट्ट्याची चिमटीत घडी येऊ नये. थंडीत जाड स्वेटर किंवा दुपट्यात गुंडाळून त्यावरून पट्टे लावले तर ते घट्ट वाटतात, पण आत पोकळ राहतात. म्हणून आधी पट्टे, मग वरून दुपटं. उन्हाळ्यात गाडी उन्हात उभी राहिली की पट्ट्याचा धातूचा खटका इस्त्रीसारखा तापतो. सासूबाईंनी त्यासाठी जुन्या सुती साडीचं एक झाकण शिवलंय. गाडी उभी केली की ते सीटवर टाकतात आणि बाळाला ठेवण्याआधी काढून, खटक्याला हाताची पालथी बाजू लावून बघतात. बसायच्या जागी मात्र आपल्या मनाने मऊ गाद्या घालू नका, पट्टे ढिले पडतात. लांबच्या प्रवासात दोन तासांच्या आत थांबून बाळाला बाहेर काढा, पाठ सरळ होऊ द्या. आणि बंद गाडीत बाळाला एकटं, "पाव किलो टोमॅटो घेऊन आलेच" म्हणूनसुद्धा, कधी सोडू नका.

बाळाला पुढे तोंड करून बसवायची घाई करू नका, असंही पुस्तिकेत आहे. आमची सीट तेरा किलोपर्यंत उलटीच वापरायची आहे. युरोपातल्या नव्या नियमानुसार तर पंधरा महिने पूर्ण होईपर्यंत बाळ उलटंच बसवावं लागतं. म्हणजे ह्यांना अजून बरेच रविवार मागे काढायचे आहेत!

परवा शेजारच्या मावशी आमच्याबरोबर मंडईपर्यंत आल्या. पुढे बसल्या, मागे वळून पाहिलं आणि सवयीने म्हणाल्या, "अहो, द्या की त्याला माझ्या मांडीवर, कशाला बांधलंय बिचाऱ्याला?" मी काही बोलायच्या आत मागून उत्तर आलं, "मांडी घरी आहे की. गाडीत त्याची खुर्ची."

मी आरशात पाहिलं. सासूबाई बोट मुठीत देऊन खिडकीबाहेर बघत होत्या, जसं काही विशेष बोललंच नाही.

डॅशबोर्डवर नारळाचा एक छोटा खड्डा पडलाय. ह्यांनी तो भरून घेऊ या म्हटलं, मी नको म्हटलं. असू दे. घरी पोचलो की मी गाडी थांबवते, सीट दुमडते, पट्टे सोडते. तोवर सासूबाई उतरून ओट्यावर पोचलेल्या असतात. पाय पसरून, पदर सारखा करून त्या दोन्ही हात पुढे करतात.

"हं, आता दे इकडे."